अण्णा, पर्शिंगचा तो मेसेज आता बंद करा

जनरल पर्शिंगचा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून तीन-चारदा येतो आणि मी दरवेळी गप्प बसतो. पण काल पुतण्याची वही बघितली. नववीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत दहशतवादावर बोलणारे, आणि दुसऱ्याच पानावर तो अख्खा मेसेज उतरवलेला, "49 ठार, 1 सोडला" याच्याखाली दोन रेघा. कुणी दिलं विचारलं तर म्हणे आजोबांनी. म्हणजे आमच्या अण्णांनी. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो.

मेसेज असा: फिलिपिन्समध्ये अमेरिकेच्या पर्शिंगने 50 मुस्लिम अतिरेकी पकडले, गोळ्या डुकराच्या रक्तात बुडवून (म्हणजे मेल्यावर स्वर्ग बंद) 49 जणांना मारलं, पन्नासाव्याला सांगितलं जा आणि बाकीच्यांना सांग, मग 42 वर्षं एकही हल्ला नाही. पाश्चात्त्य देशांनी हेच केलं की प्रश्न मिटला.

असं काही घडल्याची नोंद नाही, इतिहासकारांनी शोधून झालंय. आकडासुद्धा एक नाही. मेसेजमध्ये 42 वर्षं, ट्रम्पनी फेब्रुवारी 2016 च्या सभेत 25 सांगितली, ऑगस्ट 2017 च्या ट्विटमध्ये 35.

आता ती "शांतता", कारण खरा संताप याचाच येतो. पर्शिंग मोरो प्रांताचा, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मुस्लिम मोरो लोकांच्या भागाचा, गव्हर्नर होता 1909 ते 1913. त्याच्या आधी, मार्च 1906 मध्ये, होलो बेटावरच्या बुद दाहो डोंगरावर अमेरिकन सैन्याने शेकडो मोरो मारले, त्यात बायका होत्या, पोरं होती. एवढं होऊनही लढाई थांबली नाही. खुद्द पर्शिंगला जून 1913 मध्ये, कारकीर्द संपत आली असताना, बुद बागसाक डोंगरावर पाच दिवस लढावं लागलं आणि तिथेही शेकडो मेले. रक्तातल्या गोळ्यांनी सगळे घाबरून घरी बसले होते तर मग हे लढत कोण होतं? आणि ट्रम्पचं ते ट्विट आलं तेव्हा त्याच फिलिपिन्समध्ये मरावी शहराचा काही भाग आयसिसवाल्यांच्या ताब्यात होता, मे ते ऑक्टोबर पाच महिने लढाई चालली, शहराचा मधला भाग भुईसपाट झाला. हे मरावी लानाओ तळ्याच्या काठावर आहे, 1902-03 मध्ये पर्शिंगची छावणी याच तळ्याच्या परिसरात होती.

एक गोष्ट मान्य करतो, करावीच लागेल. पर्शिंगच्या आठवणी 2013 मध्ये छापून आल्या, त्यात तो लिहितो की एकट्याने तलवार घेऊन अंगावर येणाऱ्या हल्लेखोरांना मारल्यावर काही ठिकाणी मेलेल्या डुकरासोबत पुरत, आणि याने काहींना जरब बसायची असं त्याचं मत होतं. म्हणजे विटंबना झाली, हे खरं. पण 50 कैदी, 49 मुडदे, 42 वर्षं हे त्यात कुठेच नाही.

आणि धर्माचं म्हणाल तर जबरदस्तीने डुकराचं मांस खावं लागलं तरी पाप नाही, असं कुराणातच आहे (2:173). मग नुसती गोळी लागून स्वर्ग कसा बंद होईल? असल्या गोष्टींनी माणूस घाबरत नाही, पेटतो. हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? 1857 च्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याची नुसती बातमी पसरली तर काय झालं ते पाचवीच्या पोरालाही माहितीये.

"अतिरेकी" हा शब्दही चुकीचा. स्पेनने 1898 मध्ये फिलिपिन्स 2 कोटी डॉलर घेऊन अमेरिकेला देऊन टाकलं, मोरोंना कुणी विचारलंही नाही. ते आपल्या जमिनीसाठी लढत होते.

पर्शिंगने खरं काय केलं ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. तो कुराण वाचायचा, तिथल्या सरदारांबरोबर बसून बोलायचा. 1911 च्या डिसेंबरात त्याच बुद दाहोवर पुन्हा शेकडो लोक चढून बसले तेव्हा त्याने वेढा घातला, थांबला, बोलणी केली आणि बहुतेकांना जिवंत खाली उतरवलं. तो काही संत नव्हता, बागसाक त्यानेच केलंय. आणि आपल्या काळात तिथल्या सगळ्यात मोठ्या बंडखोर गटाने सतरा वर्षांच्या बोलण्यांनंतर सरकारशी 2014 मध्ये करार केला, 2019 मध्ये मोरोंना नवा स्वायत्त प्रदेश मिळाला.

स्पर्धा शनिवारी आहे. अण्णा, तुमच्याकडून आलंय म्हणून तो ते खरं मानून बसलाय. मी सांगून पाहिलं, ऐकत नाही. तुम्हीच त्याला जवळ बसवून ते पान बदलायला लावा.