घोरपड शेपूट ओढते, मग डायनासोर का नाही?

पर्वतीकर, नमस्कार.

इतक्या तिखट प्रतिक्रियेची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या लेखातल्या चित्रात इग्वानोडॉन या शाकाहारी डायनासोरची शेपटी जमिनीला समांतर आणि अधांतरी आहे. तुमचं म्हणणं असं: सिंहगडावरची घोरपड घ्या नाहीतर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातली मगर, सगळे शेपूट ओढतच चालतात, जुन्या पुस्तकांतले डायनासोरही तसेच होते, १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ सिनेमा आला आणि सगळ्यांच्या शेपट्या वर गेल्या. शिवाय स्नायू काही सापडत नाहीत, मग नुसत्या हाडांवरून हे कळणार कसं?

सिनेमाचा मुद्दा आधी निकालात काढू. जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या मांसाहारी डायनासोरच्या ताठ शेपटीचं वर्णन केलं १९६९ मध्ये. टी. रेक्स या महाकाय मांसाहारी डायनासोरची शेपटी जमिनीवर लोळत नव्हती, हे न्यूमन या अभ्यासकांनी १९७० मध्ये मांडलं. डेव्हिड नॉर्मन यांचा इग्वानोडॉनवरचा अभ्यास १९८० चा. लंडनच्या संग्रहालयातल्या डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनासोरच्या सांगाड्याची शेपटी उचलली गेली १९९३ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या ताठ उभ्या टी. रेक्सची पाठ जमिनीला समांतर झाली १९९५ मध्ये. कागदावर शेपट्या कधीच वर गेल्या होत्या. सांगाडे सोडवून पुन्हा उभे करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून संग्रहालयं मागून आली. सिनेमावाल्यांनी शास्त्रज्ञांचं ऐकलं, एवढंच काय ते. (असं वरचेवर घडत नाही, हे मान्य.)

आता घोरपड. ती धुळीतून गेली की दोन्ही बाजूंना पंजे उमटतात आणि मधोमध शेपटीची नागमोडी रेघ राहते. हीच कसोटी डायनासोरला लावून पाहू. अमेरिकेत टेक्सासमधल्या पलक्सी नदीच्या पात्रात १९३८ मध्ये रोलंड बर्ड यांना लांब मानेच्या महाकाय डायनासोरांचे ठसे मिळाले. पावलं खोल, ठसठशीत. शेपटी ओढल्याची रेघ मात्र जवळपास नाहीच. एवढं अवजड शेपूट मऊ चिखलातून ओढलं असतं तर पावलांच्या आधी त्याचाच चर नजरेत भरला असता. आणि ही एका नदीची गोष्ट नाही. जगभर डायनासोरांच्या पाऊलखुणा सापडल्या आहेत आणि त्यांत शेपटीची खूण अपवादानेच दिसते. अपवाद आहेत, ते मी लपवत नाही. पण नेहमीची चाल अपवादावरून ठरवता येत नाही.

हाडंही तुम्ही समजता तितकी मुकी नसतात. बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळसा खाणीत १८७८ मध्ये इग्वानोडॉनचे सांगाडे मिळाले. लुई डोलो या जीवाश्मतज्ज्ञांनी ते कांगारूसारखे, शेपटीवर रेलून उभे केले. पण त्या प्राण्याच्या मणक्यांच्या काट्यांवरून हाडासारख्या कठीण झालेल्या कंडरांची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांची) जाळी गेलेली असते, आणि ती जीवाश्मात डोळ्यांना दिसते. कांगारूसारखी वाकवायची तर ती शेपटी मोडावीच लागली असती. डायनोनिकसमध्ये तर शेपटीच्या मणक्यांतून निघालेल्या बारीक हाडांच्या काड्या पुढच्या कित्येक मणक्यांवरून जातात. असं शेपूट मुळाशी हलेल. मधे लोंबकळणार नाही.

स्नायू सापडत नाहीत हे बरोबर, पण ते चिकटले होते त्या जागा सापडतात. डायनासोरच्या मांडीच्या हाडाला मागच्या बाजूला एक उंचवटा असतो. शेपटीतून येणारा मोठा स्नायू तिथे जोडलेला असे आणि पाय मागे खेचत असे. तुमच्या मगरीतही हाच स्नायू आहे. फरक पायांच्या ठेवणीत आहे. मगरीचे पाय बरेचसे बाजूला फाकतात, डायनासोरचे खांबासारखे अंगाखाली सरळ. दोन पायांवर चालणाऱ्यांचं तर कावडीसारखं होतं: कंबर म्हणजे खांदा, पुढे धड, मागे शेपटी. मागची बाजू जमिनीला टेकवली की पुढचा तोल कसा साधायचा?

डिप्लोडोकसही मगरीसारखा फाकून चालत असावा, असं ऑलिव्हर हे (Hay) या अमेरिकन अभ्यासकाने १९०८ मध्येच मांडलं होतं. त्यावर हॉलंड या दुसऱ्या अभ्यासकांनी १९१० मध्ये सुनावलं की मग बिचाऱ्याच्या बरगड्यांसाठी जमिनीत चर खणावा लागेल. पाय सरळ म्हटले की त्या प्राण्याच्या शेपटीचं मूळच माणसाच्या डोक्यावर जातं, मग ती जमिनीवर लोळणार कशी?

एका बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. मणक्यांमधली कूर्चा टिकत नाही, त्यामुळे शेपटीचा नेमका कोन सांगता येत नाही. आपल्याकडचंच उदाहरण देतो. जबलपूरला १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली आणि १८७७ मध्ये लिडेकर या जीवाश्मतज्ज्ञांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, ते शेपटीच्या मणक्यांवरूनच. त्या मणक्यांना पुढे खळगा आणि मागे गोळा असतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस हा डायनासोर त्याच गोतावळ्यातला. अशा सांध्यांच्या शेपटीला वाकायला बराच वाव असावा. तेव्हा इसिसॉरसच्या शेपटीचं टोक तुम्ही चांगलं खाली झुकवून काढलंत तरी माझी हरकत नाही. इग्वानोडॉनला मात्र ही सवलत मिळणार नाही, आणि लेखातलं चित्र त्याचंच आहे. ते तसंच राहील.