गिऱ्हाईक म्हणते

मे महिना आमच्याकडे गोव्यात पुरुमेंताचा. पावसाळ्याची बेगमी करायला निघालेली माणसं प्रियोळला आमच्या दारी येतात, आगळाच्या, म्हणजे रातांब्यांच्या (कोकमाच्या) रसाच्या, बाटल्या नि सोलं नेतात आणि पुढच्या मेपर्यंत तोंड दाखवत नाहीत. मला हे पुरेसं होतं. पणजीत मार्केटिंग करणाऱ्या भाच्याला ते पुरेना. "मामी, गिऱ्हाइकांचे अभिप्राय घे. लेबलावर छापू. हल्ली लोक माल बघत नाहीत, दुसरा काय म्हणतो ते बघतात."

आता गोंयकाराच्या तोंडून स्तुती काढायची! कढीतलं मीठ, बाजारातलं मासळीचं मोल, देवळाची कमिटी, कशावरही अर्धा तास बोलेल. आवडलं तर मात्र दोनच शब्द : "वायट ना." म्हणजे, वाईट नाही. दर वर्षी बाटल्या नेणाऱ्या मास्तरांनी तेवढेच दिले. मी वही घेऊन तशीच उभी. मग त्यांनी भर घातली, "आगळ म्हणजे तुझ्या सासूचं." सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली, अभिप्राय अजून त्यांच्याच खात्यावर जमा होतात.

एका भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी, झकास चार ओळी लिहून दिल्या, पण सही करेनात. "नाव नको, वहिनी. पाहुण्यांना मी आमच्या भाटातल्या रातांब्यांचं म्हणून पाजतो."

फर्मागुडीच्या काकींनी मात्र हात सैल सोडला. पानभर! पित्त गेलं, गुडघे हलके झाले, सुनेचा स्वभावसुद्धा जरा निवळला. मी हरखले. भाच्यानं पान बाजूला ठेवलं. खाण्याचा पदार्थ आजार बरा करतो असं जाहिरातीत म्हणायला 2018 च्या नियमांत मनाई आहे म्हणे.

"सुनेचं तेवढं ठेवूया? तो काही आजार नव्हे."

तो हसला नाही. उलट त्यानं जाहिरातींबाबतची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं काढली : शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी संबंध असेल, तर तो उघड सांगायला हवा. आमच्या वाड्यावर हे कसं जमायचं? एक नणंदेची जाऊ, दुसरी माझ्या आईकडून मावशी, तिसऱ्याशी कुळागराच्या पाटाच्या पाण्यावरून भांडण. लेबलावर वंशावळ छापली तर 'आगळ' हा शब्द झाकणावर लिहावा लागेल. बरं, अभिप्रायाच्या बदल्यात एक बाटली फुकट द्यावी म्हटलं, तर गूगलवरच्या अभिप्रायांना ते चालत नाही.

शेवटी मास्तरांना विचारून त्यांचंच छापलं : "वायट ना. – एक जुने गिऱ्हाईक, म्हार्दोळ." भाच्यानं कपाळाला हात लावला.

पहिली बाटली उचलली बांदोड्याच्या एका बाईंनी. चष्मा वर करून लेबल वाचलं, पुन्हा वाचलं.

"कोण हो हा? ह्याला काय कळतंय आगळातलं!" म्हणाल्या, आणि पिशवीत आणखी दोन बाटल्या घातल्या.