भूगोलाच्या तासाला शिळी बातमीच बरी

परिपाठाला बातम्या वाचायची पद्धत आमच्याकडे अजून टिकून आहे. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाला की एखादी मुलगी कागदावरून घाईघाईत वाचते. अमुक देशात भूकंप, तमुक ठिकाणी पूर, शेवटी क्रिकेटचा निकाल. मग रांगा वर्गात जातात आणि दोन तासांनी मी दहावीला ब्राझीलची प्राकृतिक रचना शिकवायला उभी राहते. सकाळच्या बातमीची आणि माझ्या तासाची गाठच पडत नाही.

'चालू घडामोडी वर्गात आणा' हे हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळतं. जरूर आणाव्यात. पण माझं स्पष्ट मत असं की ताज्या आणू नयेत. पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर मुरू द्याव्यात. ताज्या बातमीत आकडे असतात, व्हिडिओ असतात, कारणं फार कमी असतात. आणि आमच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न असतो 'भौगोलिक कारणे द्या'.

३० जुलै २०२५ ला रशियाच्या कामचात्का किनाऱ्याजवळ ८.८ रिश्टरचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी पोरांनी घरच्या मोबाईलवर पाहिलेल्या त्सुनामीच्या लाटांची वर्णनं सुरू केली. त्यातल्या बऱ्याच क्लिपा २०११ च्या, जपानच्या निघाल्या. त्या दिवशी शिकवलं असतं तर सगळा तास खरं-खोटं करण्यातच गेला असता. नंतर सावकाश नववीच्या 'अंतर्गत हालचाली'ला जोडून प्रश्न टाकला: एवढ्या मोठ्या भूकंपात जीवितहानी जवळपास नाही, आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान-सीरियात ७.८ च्या भूकंपात पन्नास हजारांवर माणसं गेली, असं का? केंद्र जमिनीखाली की समुद्राखाली, वस्ती दाट की विरळ, घरं कशी बांधलेली, हे सगळं मुलांनीच काढलं. १९६७ चा कोयनेचा भूकंप घराघरातल्या आजी-आजोबांना आठवतो, तोही आपोआप वर्गात आला. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारताच आला नसता.

आता ब्राझील. बाहेरच्यांना सांगते, आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. कल्पना उत्तम. पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-शिरोळच्या पोराला ब्राझील म्हणजे फुटबॉल आणि ॲमेझॉन, बाकी सगळं मार्चपुरतं पाठ. "मॅडम, त्येंचं आमाला काय करायचंय?" हा प्रश्न दरवर्षी मागच्या बाकावरून येतोच.

त्याचं उत्तर मला २०२४ च्या एप्रिल-मेमधल्या पुराने दिलं. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे दो सुल राज्य आहे, त्याची राजधानी पोर्तो अलेग्रे. शहर ग्वाइबा नावाच्या जलाशयाच्या काठावर आहे. या ग्वाइबात जाकुई, काई, सिनोस आणि ग्रावाताई अशा चार नद्या येऊन मिळतात. फळ्यावर एवढं काढलं आणि खडू ठेवला. मुलं लगेच म्हणाली, ही तर आपली पंचगंगा: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती! (पाचवी सरस्वती गुप्त, ती त्यांच्याकडेही सापडली नाही.) ब्राझीलच्या त्या चारांतल्या काही नद्या उत्तरेच्या पठाराच्या कड्यावरून झपाट्याने खाली सपाटीला येतात. ते पठारही बेसाल्टचं, लाव्ह्याच्या थरांचं, आपल्या दख्खनसारखंच. पण वय वेगळं, ते आपल्यापेक्षा बरंच जुनं.

मग खरी मजा. ग्वाइबाचं पाणी पुढे पातोस नावाच्या प्रचंड खाजणात जातं आणि तिथून चिंचोळ्या तोंडाने समुद्रात. दक्षिणेकडून वारा सुटला की खाजणातलं पाणी मागे रेटलं जातं, ग्वाइबा ओसरायचं नाव घेत नाही. हे सांगून मी विचारलं, आपल्याकडे असं कुठे होतं? शिरोळकडच्या पोरांना विचार करावा लागला नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णा भरून असली की पंचगंगेला फूग येते, पाऊस थांबला तरी पाणी हटत नाही. तिथे वारा, इथे कृष्णा, परिणाम एकच. (कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय मुद्दाम काढत नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांत नुसती भांडणं होतील.)

१९४१ च्या पुरात ग्वाइबा ४.७६ मीटरवर गेलं होतं. त्यानंतर शहराने बांध घातले, १९७० च्या दशकात भिंत उभारली, पंप बसवले. २०२४ मध्ये पाणी पाच मीटरच्या वर गेलं, दरवाजांतून आत शिरलं, पंप बंद पडले. विमानतळ मे महिन्यात बंद झाला तो ऑक्टोबरपर्यंत. राज्यात १८० हून जास्त माणसं दगावली. आपल्याकडे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, हे आकडे पोरांना माझ्याआधी तोंडपाठ होते. ब्राझीलचे आकडे त्याच पोरांनी त्यांच्याच शेजारी लिहून घेतले. एकाने विचारलं, त्यांनी भिंत बांधली तरी बुडाले, मग आपण बांधून काय होणार? मला उत्तर देता आलं नाही, आणि द्यायलाही नको होतं.

एक सांभाळावं लागतं. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत, ज्यांनी चौथी-पाचवीत असताना स्वतःच्या घरात पाणी शिरताना पाहिलंय. पुराचे व्हिडिओ मी दाखवत नाही. नकाशा दाखवते. छतावर अडकलेल्या घोड्याचा तो ब्राझीलचा फोटो मुलांनी आधीच पाहिलेला असतो, त्यावर मी बोलत नाही, ती आपापसात बोलतात.

उसाचं तर विचारूच नका. जगात सर्वांत जास्त साखर ब्राझील बनवतो, तीही मुख्यतः साओ पावलो राज्यात. मकरवृत्त साओ पावलो शहरावरूनच जातं. त्यांचा गाळप हंगाम एप्रिलला सुरू होतो, आपला दिवाळीच्या आसपास. असं का, यावर दक्षिण गोलार्ध, पाऊस, उसाचा पक्वकाळ सगळं येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे आगीत उसाचे फड जळाले, तेव्हा जागतिक बाजारात साखरेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. वडील कारखान्याचे सभासद असलेल्या पोराला यात रस नाही वाटला तरच नवल.

बाकीचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. माल परदेशी पाठवणाऱ्या इथल्या शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याच्या मुलीला केप ऑफ गुड होप त्यामुळे पाठ करावा लागला नाही. आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेसाठी पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशासारखी शिळी बातमी नाही. व्यापाराच्या सोयीसाठी त्यांनी २०११ मध्ये रेषेची बाजूच बदलली आणि ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. 'त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस त्यांचं काय?' हा प्रश्न हमखास येतो.

पोर्शन कधी पूर्ण होणार, असं सहकारी विचारतात. त्यांचं चूक नाही. ४० गुणांचा पेपर, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. पण मी वेगळा तास घेत नाही, धडा सुरू करायची पहिली दहा मिनिटं बातमीला देते. बाकी पाठ्यपुस्तकच. मुख्य म्हणजे नकाशा भरायच्या प्रश्नात पोर्तो अलेग्रे आता कुणी उत्तरेला नेऊन ठेवत नाही.

भूगोलवाल्या मित्र-मैत्रिणींनो, एक मदत हवी आहे. दहावीच्या 'लोकसंख्या' प्रकरणासाठी मला अजून चांगली शिळी बातमी मिळालेली नाही. जे मिळतं ते एकतर नुसते आकडे, नाहीतर राजकारण. तुम्ही काय वापरता? कात्रण असेल तर फोटो टाका, जुनं असलं तरी चालेल.