फ्लॅक फायली पुसू नका, त्या मेसेजवर विश्वास ठेवू नका

सीडींचा संग्रह कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅक (आवाज दाबून लहान फाइल करणारा प्रकार) म्हणजे शेवटी कॉम्प्रेशनच, त्यात आवाजाचा जीव जातो. कॉम्प्रेशनची लेव्हल जितकी वर, तितकं नुकसान जास्त. म्हणून फ्लॅक फायली पुसा आणि सगळ्या सीडी पुन्हा वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फायलींत, रिप करा (उतरवून घ्या), तेही 24 बिट, 192 किलोहर्ट्‌झला.

माझ्या मामांनी हे खरं मानलं आणि जवळजवळ निम्मा संग्रह पुसून टाकला. आता त्यातल्या काही जुन्या सीडी ड्राइव्ह वाचतच नाही. चांगल्या फायली हातच्या गेल्या आणि त्या पुन्हा मिळवायची सोयही राहिली नाही. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही फ्लॅक चालतं कसं, हे बघायची तसदी घेतलेली दिसत नाही.

तर आधी तेच. एमपीथ्री करताना कानाला कमी जाणवेल असा भाग खरोखरच टाकून दिला जातो आणि तो परत येत नाही. फ्लॅकमध्ये काहीच टाकलं जात नाही. आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापं म्हणजे सॅम्पल. आधीच्या सॅम्पलवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि तो जेवढ्याने चुकला तेवढाच आकडा लिहून ठेवायचा, ही त्याची रीत. समजा, लागोपाठची तीन सॅम्पल 1000, 1010 आणि 1021 आहेत. पहिल्या दोन आकड्यांवरून तिसरा 1020 असेल असं वाटतं. निघतो 1021. मग फक्त 1 लिहायचा, आणि 1021 पेक्षा 1 लिहायला जागा कितीतरी कमी लागते. वाजवताना प्लेअर तोच अंदाज बांधतो, त्यात 1 मिळवतो आणि 1021 हाती येतो. जवळपास 1021 नाही, 1021 च. अंदाज साफ चुकला तरी आवाजाचं काही बिघडत नाही. फरकाचा आकडा मोठा होतो आणि फाइल थोडी वाढते, इतकंच.

लेव्हलचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. 0 ते 8 ही नुकसानीची पट्टी नाही. चांगला अंदाज शोधायला एन्कोडरने, म्हणजे फ्लॅक फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमने, किती खटपट करायची, एवढंच तिच्यावरून ठरतं. 8 ला वेळ जास्त लागतो आणि फाइल जरा लहान होते. ज्याला शंका असेल त्याने एकच गाणं 0 आणि 8 ला फ्लॅक करावं, दोन्ही फायली उलगडून वेव्ह कराव्यात आणि त्यांचे चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला छोटा आकडा, डेटा बदलला की तोही बदलतो) जुळवून पाहावेत. ते जुळतात.

माझ्या शब्दावर विसंबू नका. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने डिसेंबर 2024 मध्ये आरएफसी 9639 या क्रमांकाने फ्लॅकचं सगळं वर्णन प्रसिद्ध केलंय, कुणालाही फुकट वाचता येतं. फाइलच्या सुरुवातीलाच मूळ, न दाबलेल्या आवाजाचा एमडी5 चेकसम ठेवायची जागा त्यात दिलेली आहे. शिवाय प्रत्येक फ्रेमला, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्याला, वेगळा सीआरसी, म्हणजे तसाच तपासणीचा आकडा असतो. म्हणजे दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे का, हे तिच्यावरूनच तपासता येतं. साध्या वेव्हमध्ये असं काही नसतं. हार्ड डिस्कवर एखादा बिट उलटला तरी कळत नाही. आणि गायक, अल्बम, वर्ष यांचे टॅग वेव्हमध्ये एका प्रोग्रॅमला दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत. जपून ठेवायच्या संग्रहासाठी जागा वाचण्यापेक्षाही मला हे महत्त्वाचं वाटतं.

24 बिट आणि 192 किलोहर्ट्‌झबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बिट म्हणजे एक सॅम्पल किती बारकाईने लिहिलंय ते, आणि किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार सॅम्पल. सीडीवर असतं ते 16 बिट, 44.1 किलोहर्ट्‌झ. वरचे आकडे सॉफ्टवेअर स्वतः तयार करून भरतं. वेव्ह फाइल साडेसहापट होते, गाणं होतं तेवढंच राहतं.

खरं नुकसान होतं ते ड्राइव्हमध्ये, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. डेटा सीडीला चुका दुरुस्त करणारा एक जादा थर असतो, ऑडिओ सीडीला तो नसतो. ओरखड्यामुळे एखादा तुकडा वाचता आला नाही की ड्राइव्ह आजूबाजूच्या सॅम्पलवरून मधले आकडे अंदाजाने भरते आणि तसं सांगतही नाही. तो अंदाज मग वेव्हमध्येही तसाच जातो आणि फ्लॅकमध्येही. म्हणून रिप करताना संशयास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचणारा प्रोग्रॅम घ्या आणि त्यात अ‍ॅक्युरेटरिप चालू ठेवा. तीच सीडी रिप केलेल्या इतरांच्या चेकसमशी तुमचा चेकसम जुळला, तर ते गाणं बरोबर उतरलं असं समजायला हरकत नाही.

ज्यांनी फायली पुसल्या आहेत त्यांनी त्या हार्ड डिस्कवर नवीन काहीही लिहू नका, वेव्हच्या रिप तर नाहीच. आधी पुसलेल्या फायली परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवून पाहा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: वेव्ह सगळीकडे चालते आणि काही जुने प्लेअर फ्लॅक वाजवत नाहीत. मग त्या प्लेअरपुरती वेव्हची प्रत काढा आणि फ्लॅक जागच्या जागी ठेवा. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक घेता येत नाही, तिथे एएलएसी हा ॲपलचा फाइल-प्रकार वापरा. तेही लॉसलेसच, म्हणजे आवाजातलं काही न टाकणारं आहे, 2004 मध्ये आलं आणि 2011 पासून मुक्त स्रोत आहे. फ्लॅकवरून एएलएसी केलं तरी सॅम्पल तीच राहतात, सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालावी लागत नाही.