दुर्बल घटकांना टेंडर मिळवून द्यायचंय? मग हे करा

तुम्ही अधिकारी असा, पुढारी असा, नाहीतर नुसतीच समाजसेवेची खुमखुमी असू दे. मागासवर्गीयांच्या, बायकांच्या छोट्या उद्योगांना सरकारी खरेदीत वाटा मिळावा असं मनापासून वाटत असेल, तर आधी मेळावा घ्या. मेळाव्याशिवाय आजवर कुणाचं भलं झालंय? कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार, मग हॉलमध्ये दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांना फेटे. फेटे बांधण्यात तासभर जातो, जाऊ दे. समोरच्या बायका शिवणाची मशीन बंद ठेवून आल्यात, त्यांना कसली घाई?

भाषणात आकडे मात्र चोख सांगा. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची. त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के महिलांकडून. मूळ आदेश 2012 चा, महिलांचे 3 टक्के 2018 मध्ये आले. टाळ्या हमखास पडतात. त्याच आदेशात असंही लिहिलंय की 4 टक्केवाले टेंडरात उतरलेच नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर तो वाटा बाकीच्या लघु उद्योगांकडून भरून काढायचा. हे स्टेजवर बोलू नका, हे टेबलावर वापरायचं असतं. अटींत कुणाला बसवायचं ते शेवटी तुमच्याच हातात आहे की!

सरकारी पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव मागा. नवख्यानं तो कुठनं आणायचा, हा नवख्याचा प्रश्न.

आता ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत रक्कम. 'लघु उद्योगांना ईएमडी माफ' अशी ठळक अक्षरातली स्लाइड दाखवायला विसरू नका. तीच बघून आम्ही गेल्या महिन्यात एका केंद्रीय कार्यालयाच्या विश्रामगृहाचं चादरी आणि अभ्र्यांचं बिड जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, भरलं. लघु उद्योग नोंदणीचा 'उद्यम' दाखला जोडला, जातीचा जोडला, माफीच्या रकान्यात टिक केली. शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस सुटता सुटता, तांत्रिक छाननीत बाद. कारण काय, तर 'ईएमडी भरलेली नाही'. अहो, भरायचीच नव्हती! हरकत घ्यायला 48 तास मिळतात, आणि ते बरोबर शनिवार-रविवारात संपतात. हरकत त्याच रात्री घातली. सोमवारी साहेब मिटिंगमध्ये. क्लार्क म्हणाला, "मॅडम, सिस्टीमच घेत नाही." मी म्हटलं, सिस्टीमला हात नसतात, बटण कुणीतरी दाबलंय. तर म्हणतो, "पुढच्या टायमाला भरून टाका की, परत मिळतंय." परत मिळतंय! तेवढे पैसे मोकळे पडले असते तर इचलकरंजीतनं कापडाचे दोन तागे जास्त नसते का आणले? माफी कागदावर तुमच्याच सरकारनं दिलीय, आणि ती मागितली की आम्ही अडाणी. वर सल्ला असा, जणू आमच्यावर उपकार.

बाद झालेल्यांचे फोन नंबर ठेकेदारापर्यंत कसे पोचतात कोण जाणे. आठवड्याच्या आत फोन आला. "ताई, दाखला तेवढा तुमचा द्या, माल आम्ही बघतो, तुम्हाला दोन टक्के." हाही सक्षमीकरणाचाच प्रकार, त्याला उत्तेजन द्या. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असं सुप्रीम कोर्टानं 2004 मध्येच सांगितलं होतं. तरी छोटे बचत गट बाहेर राहतील अशा अटींचं महाराष्ट्राचं टेंडर 2019 मध्ये त्याच कोर्टाला रद्द करावं लागलं. चिकाटी असावी तर अशी.

लघु उद्योगांचं बिल 45 दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा 2006 चा कायदा आहे. तो दाखवणारीचं नाव नीट लक्षात ठेवा, पुढच्या खरेदीत उपयोगी पडतं.

आणि ज्या पुतळ्याला हार घालता ना, त्या महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. वरच्या जातीतलं कुणी फिरकेना, तेव्हा स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. गंगारामला चहा कसा करायचा याचं शिबिर नाही घेतलं. गिऱ्हाईक झाले, गिऱ्हाईक! तुम्हाला ते तेवढं जमत नाही, बाकी फेटे जमतात.

शिवण आम्हाला येते. जीएसटी भरता येतो, पोर्टल चालवता येतं, इंग्रजीतल्या अटीसुद्धा पोरीला बसवून वाचून घेतो. मार्गदर्शन पाहिजे ते तुमच्या खरेदी शाखेला. लाज वाटत असेल तर तो आदेश छापून तिथं वाचायला लावा, सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या मेळाव्याची पत्रिका आम्हाला पाठवू नका. आमचं बिड कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमानं बाद केलं, तेवढं साहेबांच्या सहीनिशी लेखी द्या.