संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाईन

स्पार्कलिंग वाईनवरच्या एका लेखात झणझणीत सावजी रश्श्यासोबत ब्रूट, म्हणजे कमी गोड स्पार्कलिंग वाईन, सुचवली आहे, ते पटत नाही. बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि ब्रूटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी. ब्रूट सांबारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी), भजी अशा तळणासोबत घ्या, तिची आंबट धार तेलकटपणा कापते. रस्सा, पाटोडी (रश्श्यातली बेसनाची वडी) असेल तर गोडसर डेमी-सेक (लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखर) बरी.

आपल्या नागपुरी संत्र्याचा रस मिसळणार असाल तर मात्र ब्रूटच, गोडवा रसातच असतो. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची), फेब्रुवारी-मार्चातली पिकलेली फळं घ्या. बिया चिरडू देऊ नका आणि रस आयत्या वेळी काढा, कारण नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवटतो. बारीक गाळणीतून गाळाच. गरावर बुडबुडे धरतात आणि ग्लास उतू जातो. आधी तिरक्या ग्लासात ७५ मिली वाईन, मग तेवढाच गार रस कडेनं हळू सोडा. ढवळू नका.

गावात लाइटीचा भरवसा नसतो, तेव्हा बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. अर्ध्या तासात बाटली गार होते. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. कोमट बाटली उघडली तर अर्धी जमिनीवर जाते. बुचाभोवतीची तार सोडल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नका, आत मोटारीच्या चाकाच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो. बूच घट्ट धरून बाटली फिरवा.

वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडे बाटली नेऊ नका.