रात्री फ्रिज बंद, बिल निम्मं? एका फॉरवर्डची झाडाझडती

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने सलग चार रात्री फ्रिज बंद ठेवला. वरच्या कप्प्यात तिच्या इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या होत्या. इन्शुलिनचा साठा २ ते ८ अंशांतच ठेवावा लागतो. औषधविक्रेत्याने त्या सगळ्या टाकून द्यायला सांगितल्या. ‘असं का केलंस?’ म्हणून विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. ‘बिल निम्म्यावर आणणारे सहा उपाय, प्रत्येक घरात पोहोचवा.’

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. रात्री फ्रिज बंद करा, चार्जर सॉकेटमधून काढा, एसी १६ वर लावून खोली लवकर गार करा, गीझर सतत चालू ठेवा, प्लगमध्ये ‘पॉवर सेव्हर’ डबी लावा, फ्लशच्या टाकीत वीट टाका. सहापैकी एकच सल्ला निरुपद्रवी आहे आणि नेमका त्याचाच बिलावर सगळ्यात कमी परिणाम होतो.

फ्रिजपासूनच सुरुवात करते. फ्रिज काही स्वतः गारवा तयार करून साठवत नाही. बाहेरची उष्णता भिंतींतून, दाराच्या फटीतून आत शिरते आणि कॉम्प्रेसर ती परत बाहेर फेकतो. रात्रभर बंद ठेवलात तरी उष्णता आत येतच राहते. सकाळी बटण दाबलं की साचलेली सगळी उष्णता उपसायला कॉम्प्रेसर एका दमात बराच वेळ चालतो. आतलं तापमान चढल्यामुळे गळती जरा मंदावते, तेवढीच काय ती बचत. तिच्यासाठी आतले पदार्थ तासन्‌तास ५ अंशांच्या वर राहतात आणि जंतूंना वाढायला मोकळं रान मिळतं. दार न उघडता बंद फ्रिज चारेक तास तग धरतो, आठ नाही.

फ्रिजवर वीज वाचवायचीच असेल तर दाराचं रबर तपासा. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा आणि कपटा ओढा. सहज निसटला तर त्या जागी रबर सैल झालंय. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात असंच निघालं. कोमट पाण्याने पुसून मळ काढला आणि पुढच्या वेळी कपटा घट्ट अडकला. फ्रिजच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. आतलं तापमान ३ ते ५ अंश पुरतं.

आता चार्जर. फोन न लावलेला आजचा चांगला चार्जर ०.१ वॉटच्या आसपास वीज घेतो. वर्षाचे ८,७६० तास गुणून बघा, एक युनिटही भरत नाही. काढायचा तर काढा, त्यात वाईट काहीच नाही. पण चार्जर काढला म्हणजे आपण आपल्या वाटचं केलं, असं समाधान मिळतं ते घातक आहे. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केल्यावरही १० वॉट खात असेल, तर महिन्याला ७ युनिट तिथेच गेले. चार्जरच्या सुमारे आठ वर्षांइतके!

एसी १६ वर लावला की खोली लवकर गार होते, ही समजूत तर घराघरात आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना एकाच ताकदीने चालतो. १६ हा आकडा त्याला फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. त्यामुळे २५ अंशांपर्यंत पोहोचायला दोन्ही सेटिंगवर सारखाच वेळ लागतो. फरक पुढे पडतो. २५ वर लावलेला एसी थांबतो, १६ वर लावलेला धापा टाकत राहतो, कारण पुष्कळदा १६ अंश त्याला गाठताच येत नाहीत. इन्व्हर्टर एसीसुद्धा सुरुवातीला, खोली तापलेली असताना, आपणहून पूर्ण जोर लावतो. त्यापेक्षा पंखा सोबत लावा. अंगावर वारा असला की एसी दोन अंश वर ठेवूनही तेवढंच बरं वाटतं. जाळी धुवा, उन्हाच्या खिडकीवर पडदा ओढा.

गीझरच्या सल्ल्याने मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण खरी वीज पाण्यातच जाते. ‘थंड पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, म्हणून चालूच ठेवा.’ ऐकायला पटतं, पण पाणी भोवतालपेक्षा जितकं गरम तितकी त्याची उष्णता भराभर झिरपते. चालू गीझर ही गळती दिवसभर वीज घालून भरत राहतो. बंद केला तर पाणी निवत जातं तशी गळतीही कमी होत जाते. म्हणजे बंद ठेवण्यात नेहमी फायदाच. १५ लिटर पाणी ३० अंशांनी वाढवायला अर्धा युनिट लागतो. २ किलोवॉटचा गीझर ते पाव तासात करतो, मग चोवीस तास कशाला? मोठी टाकी असेल तर टायमर लावा. मात्र साठवणीच्या टाकीचं तापमान फार खाली आणू नका, ६० अंशांच्या खाली कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात.

शॉवरचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा हातातलं पेन थांबलं. मिनिटाला ९ लिटर, दहा मिनिटं, म्हणजे ९० लिटर. २० अंशांचं पाणी ४० वर न्यायला २ युनिटांहून थोडी जास्त वीज. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ दहा दिवस अखंड जळेल. घरात कुणी दिवा विसरला म्हणून आपण ओरडतो आणि बाथरूममध्ये पाणी वाहत असतं. शॉवरची पाच मिनिटं कमी करा, बारीक धारेचं तोंड बसवा. दिव्यांवरून होणारी भांडणं मिटवायला एवढं पुरे आहे.

‘पॉवर सेव्हर’ डबी विकत घेऊन उघडलेली मी पाहिली आहे. आत एक कपॅसिटर, एक हिरवा दिवा, दोन-तीन रेझिस्टर. मोटरच्या उपकरणांत काही प्रवाह नुसता ये-जा करतो, तो कपॅसिटर तिथल्या तिथे पुरवतो, हे खरं. कारखान्यांना त्याचे पैसे पडतात. घरगुती मीटर साधारणपणे प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतो आणि ते या डबीने कमी होत नाहीत. उलट तो हिरवा दिवा चिमूटभर वीज घेतो.

राहिली वीट. टाकीत जागा अडवून फ्लशचं पाणी कमी करायचं, ही कल्पना बरोबर, वस्तू चुकीची. पाण्यात वीट झिजते, तिची वाळू झडपेखाली अडकते आणि टाकी गळायला लागते, म्हणजे वाचलं त्याहून जास्त पाणी जातं. पाण्याने भरून बूच लावलेली बाटली ठेवा, झडपेपासून दूर. आणि टाकी आधीच गळते का ते बघा. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर झडप बदला. नळाच्या टपटपीला कमी लेखू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला तरी रोज एकवीस-बावीस लिटर गेले.

मावशीच्या घरी आम्ही त्या रात्री पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि सगळे नळ बंद करून झोपलो. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा पाहिला. शेवटचा आकडा पुढे सरकला होता. गळती फ्लशच्या झडपेत निघाली. फ्रिज चालूच होता.